मॉरिशसचं सांस्कृतिक धोरण ठरवताना सामान्य माणसाला कोण विचारतं?

शेवग्याची_शेंग:
नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारला "छोट्या बेटांच्या देशांत सांस्कृतिक धोरण कोण ठरवतं" हा विषय गळ्यात पडलाय. मी मॉरिशस घेतलं, म्हटलं निदान आपली माणसं तरी आहेत तिकडे. वाचायला बसले तर कागदावर सगळं झकास. १९६८ ला स्वातंत्र्य, आणि पुढे एकेका समाजासाठी कायद्याने कल्चरल सेंटर ट्रस्ट, एकेका भाषेची स्पीकिंग युनियन (ती भाषा जपायला काढलेली संस्था), हिंदी तमिळ तेलुगू उर्दू चिनी, मराठीचीसुद्धा. मग लोकांना आवाज नाही असं कसं म्हणायचं? गाईड म्हणतात हा आवाज नव्हे, हजेरीपट आहे. म्हणजे काय ते विचारायची हिंमत झाली नाही 😅 तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथे?

मुक्काम_पोस्ट:
मी मॉरिशसमध्ये एबेनला आयटीत होतो काही वर्षं. गाईड बरोबर बोलतायत तुमचे. बसमध्ये, बाजारात, कँटीनमध्ये, भांडणात, सगळीकडे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिकडची बोली. २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी घरात क्रिओल बोलतो असंच सांगितलंय. पण पेपर उघडा तर फ्रेंच, सरकारी पत्र आलं तर इंग्रजी, आणि घटनेतच लिहिलंय की संसदेची भाषा इंग्रजी, फारतर फ्रेंचमध्ये बोला. प्राथमिक शाळेत क्रिओल आली कधी, तर जानेवारी २०१२, तीही ऐच्छिक, आणि कहर म्हणजे हिंदी-मराठी-तमिळच्या तासालाच ठेवली, म्हणजे पोराने एकतर पणजोबांची भाषा घ्यायची नाहीतर स्वतःची! सगळ्या व्यवस्थेचा पायाच असा की आधी तुमचे पूर्वज कुठून आले ते सांगा, मग ऐकतो. निवडणुकीतही तेच. बेस्ट लूझर म्हणून ८ पर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांतून समाजाच्या हिशोबाने भरतात, आणि हिशोब अजून १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर तो प्रश्न जनगणनेत विचारलाच नाही.

जाखडीवाला_रत्नागिरी:
थांबा हो, इतकं सोपं नाहीये ते. ट्रस्ट-बिस्ट नसते तर आपली माणसं तिकडे हिंदीच्या पोटात कधीच गडप झाली असती, घटनेने लोकांचे जे चार गट केलेत त्यांत मराठी, तमिळ, तेलुगू सगळे एका "हिंदू"त कोंबलेत. आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते, ती काय आपोआप मिळाली? मूठभर लोकांनी संस्था धरून ठेवल्या म्हणून. माझी तक्रार वेगळीच आहे. गेलेली माणसं कोकणातली, जास्त करून आमच्या रत्नागिरीकडची, आणि त्यांची जाखडी अजून नाचतात तिकडे, झाकरी म्हणतात. पण शाळेत पोरांना शिकवायची मराठी मात्र पुस्तकी! घरात जे टिकलं ते कार्यक्रमाला नाचायला, आणि अभ्यासक्रमाला पेठेतली भाषा. हे कोणी ठरवलं, कोकणातल्या आजीच्या पणतवंडांना विचारलं का?

ओवी:
@मुक्काम_पोस्ट, स्पीकिंग युनियन म्हणजे नुसती हजेरी हे मला पटत नाही. भोजपुरी लग्नघरातलं गीत-गवई बघा ना. लग्नाआधी घरी पाच सवाष्णी एका कापडात हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे निवडतात, बाकीच्या देवांची गाणी म्हणतात, मग वराची किंवा वधूची आई ढोलकीची पूजा करते आणि नंतर जो काही नाच सुरू होतो! शेजारणी-पाजारणींची ही भोजपुरी गाणी, यांना संस्कृती खात्यात कोण विचारणार होतं? भोजपुरी स्पीकिंग युनियनने गावागावात त्याचे वर्ग काढले, बायकांनीच शिकवलं, आणि २०१६ ला ते युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. यंत्रणा तीच, फक्त गावात गेली.

खारवी:
यादीचा विषय निघालाच आहे तर क्रम बघा. गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले मजूर, जिथे उतरले तो आप्रवासी घाट जागतिक वारसा झाला २००६ ला, पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मॉर्न डोंगर २००८ ला. गुलामगिरीबद्दल ट्रुथ अँड जस्टिस कमिशन बसलं, लोकांच्या जबान्या घेतल्या, २०११ ला रिपोर्ट दिला की म्युझियम करा. राजधानी पोर्ट लुईत ते उघडलं २०२३ ला. ऐकून घेणं आणि हलणं यात एवढं अंतर. आणि सगळ्यात अवघड केस चागोसची, म्हणजे मॉरिशस ज्यांवर हक्क सांगतं त्या हिंदी महासागरातल्या बेटांची. ब्रिटिशांनी १९६८ ते ७३ मध्ये दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकन लष्करी तळासाठी ती बेटं रिकामी केली, माणसं मॉरिशस आणि सेशेल्सला आणून टाकली. त्यांचा सेगा, म्हणजे तांबूर नावाच्या चपट्या गोल वाद्यावर म्हटलेली, हातातून गेलेल्या बेटांची गाणी, २०१९ ला युनेस्कोच्या यादीत गेला. अर्ज मॉरिशस सरकारचा, आणि त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाचं चागोसबद्दलचं मत मॉरिशसच्या बाजूने आलेलं. आता गाणाऱ्या बाईचा आवाज किती आणि सरकारचा दावा किती, वेगळं करून दाखवा. बरेच चागोसी ब्रिटनमध्ये राहतात आणि त्यातल्या काहींना मॉरिशसचा हक्कही मान्य नाही, त्यांचं काय?

शेवग्याची_शेंग:
बाप रे, खूप मिळालं, सगळ्यांचे आभार 🙏 मग चागोसच घेऊ का? वीस मिनिटंच आहेत.

खारवी:
वीस मिनिटांत चागोस म्हणजे पंधरा मिनिटं कोर्टकचेरीतच जातील, गाणं राहील बाजूला. रॉड्रिग्स घ्या. मॉरिशसचंच एक वेगळं बेट, २००२ पासून स्वतःची असेंब्ली, कला-संस्कृतीचा कमिशनर तिथलाच, आणि त्यांच्या सेगा तांबूरची युनेस्कोतली फाईल मॉरिशसच्या सेगापेक्षा वेगळी, मॉरिशसची २०१४, यांची २०१७. तुमच्या गाईडना हजेरीपट नको आहे ना, मग ही तुलना द्या. मॉरिशसला समाजवार खिडक्या आणि इथे प्रदेशाला सत्ता.

जाखडीवाला_रत्नागिरी:
आणि मराठीचा एखादा स्लाइड टाका हो, नाहीतर एवढं टाइप केलं ते फुकट.