मदत हवी आहे : पद्मिनी घाटात तापते, रेडिएटर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९२ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी पेट्रोल. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा मधोमध राहतो, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढू लागली की लाल रेषेला टेकतो. पंखा पट्ट्यावर चालतो आणि सिग्नलला उभी असताना तापत नाही, म्हणजे दोष हवेचा नसून पाणी नीट फिरत नसावं असा माझा अंदाज.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रोखणारी झडप) आणि रेडिएटरची कॅप नवीन टाकली, होजपाइप बदलले. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. गाडी चालू ठेवून कॅपच्या तोंडाशी बुडबुडेही दिसत नाहीत, त्यामुळे हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) शाबूत असावं. रेडिएटरची जाळी (ज्या नळ्यांतून पाणी फिरून थंड होतं तो भाग) मात्र वरून गरम आणि मधल्या पट्ट्यात चक्क गार लागते. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलीय बिचारी, आत क्षार साचला असणार.

आता प्रश्न. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या ठेवून नवी जाळी बसवून घ्यावी, की दुसऱ्या गाडीचा ॲल्युमिनियमचा घेऊन ब्रॅकेट बदलून बसवावा? मला पहिलं पटतं, कारण तांबं गल्लीतला कारागीरसुद्धा डाग देऊन सांधतो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅटच काढून टाका. ते मला मान्य नाही.

पुण्यात जाळी भरून देणारा चांगला कारागीर कुणाला माहीत आहे का? आणि जाळी नळ्यांच्या दोन ओळींची घ्यावी की तीन?