मदत हवी आहे: मुलाच्या गुडघ्याजवळची गाठ, बायॉप्सी उद्याच करावी का?

अबोली: मुलाच्या गुडघ्याच्या वर गाठ आली आहे. एक्स-रे पाहून डॉक्टर उद्याच बायॉप्सी करू, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासू म्हणतात. होकार द्यावा का? कृपया लवकर सांगा.

पिंपळपान: मुलाचे वय किती, दुखणे कधीपासून आहे, रात्री वाढते का, एमआरआय झाला का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

अबोली: वय 14, दुखणे तीन महिन्यांचे. खेळताना लागले असेल असे समजून आम्ही मलम चोळत राहिलो. मध्यरात्री तो गुडघ्याखाली उशी घेऊन भिंतीला टेकून बसलेला दिसायचा, तरी वाढीच्या वयातले दुखणे म्हणून मी दुर्लक्ष केले. एमआरआय झालेला नाही.

सायंतारा: या वयात ड जीवनसत्त्व कमी पडते, ते आधी तपासून घ्या.

काठपदर: प्रश्न जीवनसत्त्वाचा नाही. माझ्या मुलीला याच जागी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग झाला होता. बायॉप्सी हवीच, पण त्याआधी मांडीच्या संपूर्ण हाडाचा एमआरआय व्हावा, आणि पुढची शस्त्रक्रिया जे करणार असतील त्याच हाडांच्या कर्करोगतज्ज्ञांनी बायॉप्सीची जागा ठरवावी, कारण सुई ज्या वाटेने जाते ती वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागते. छेद भलत्या जागी गेला तर पाय वाचवणे अवघड होते.

जुनाजाणता: सुई लावली की रोग पसरतो. पाय काढून मोकळे व्हावे.

काठपदर: असे सांगून कृपया कोणाला घाबरवू नका. निदानाशिवाय उपचार ठरतच नाहीत. ईविंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कर्करोग निघाला तर किरणोपचारांचा उपयोग होतो, ऑस्टिओसार्कोमावर ते फारसे चालत नाहीत. 1970 च्या दशकापूर्वी पाय काढूनही बहुतेक मुले फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने दगावत. आता सुमारे 10 आठवडे केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. रोग पसरलेला नसेल तर दहांपैकी सहा-सात मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि बहुतेकांचा पाय वाचतो. छातीचा सीटी स्कॅनही करून घ्या.

अबोली: उद्याची बायॉप्सी थांबवली आहे, परवा एमआरआय आहे. तोवर त्याला शाळेत पाठवू का? वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.

पिंपळपान: जिना नको. गाठीने पोखरलेले हाड साध्या ठेचेनेही मोडू शकते. त्या पायावर भार पडू देऊ नका, आजच डॉक्टरांना विचारून कुबड्या घ्या आणि चोळणे पूर्ण बंद करा.