अटेंडन्स अलाउन्स: फॉर्ममध्ये 'वैयक्तिक मदत' म्हणून नेमकं काय धरतात?

शब्दखूण:
प्रश्न इंग्लंडमधला आहे. ओळखीच्या एका ७९ वर्षांच्या बाईंचा अटेंडन्स अलाउन्सचा (पेन्शनच्या वयात आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे दुसऱ्याची मदत लागणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता) अर्ज नामंजूर झालाय. दोन्ही गुडघे गेलेले, बोटांचे सांधे सुजलेले, दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि लघवीची घाई. मुलगा-सुनेबरोबर राहतात. मुलाने फॉर्ममध्ये लिहिलं होतं: स्वयंपाक, कपडे धुणं, साफसफाई, खरेदी सगळं आम्ही करतो, जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) नेतो, पत्रं वाचून दाखवतो. आंघोळीच्या प्रश्नाला उत्तर होतं, 'थोड्या त्रासाने जमतं'. पत्रात कारण दिलंय की दिवसभरात वारंवार मदत लागत नाही. पत्र येऊन १२ दिवस झालेत. फेरविचाराला टाकायचं आहे. 'वैयक्तिक मदत' म्हणजे नक्की काय लिहायचं?

मधुमालती:
मुलाने लिहिलेल्यातलं जवळपास सगळं या भत्त्यासाठी बाद आहे, आणि जे मोजलं जातं ते त्याने लिहिलंच नाही. आपल्याकडच्या घरांत हे सर्रास होतं. सुनेने घरकाम केलं की ती 'मदत'. सासूबाईंना संडासातून उठवलं तर 'त्यात काय सांगायचं?'

कायद्यातले शब्द 'शारीरिक क्रियांच्या संदर्भात लागणारी मदत' असे आहेत (सामाजिक सुरक्षेचा १९९२ चा कायदा, कलम ६४). त्या क्रिया कोणत्या, ते न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९८१ मध्ये पॅकर खटल्यात सांगितलं: श्वास, ऐकणं, पाहणं, खाणं-पिणं, चालणं, बसणं, झोपणं, अंथरुणात शिरणं नि उठणं, कपडे घालणं-काढणं, मलमूत्र विसर्जन. स्वयंपाक नाही, खरेदी नाही. स्वयंपाकाचा मुद्दा १९८४ मध्ये वुडलिंग खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) गेला आणि तिथेही बाहेरच राहिला. १९९७ च्या कॉकबर्न खटल्यात ओल्या चादरी धुण्याचंही तेच झालं. म्हणजे ओले कपडे अंगावरून उतरवणं, अंग पुसणं, कोरडे कपडे घालणं धरतात. तेच कपडे मशीनमध्ये टाकणं धरत नाहीत. मदत त्या माणसाच्या जवळ राहून, त्याच्या शरीरासाठी झालेली हवी.

मग पोळी-भाजी करणं बाद, पण पोळीचा घास मोडून देणं, मासा काट्यांतून सोडवून ताटात ठेवणं, कप धरता येत नाही म्हणून तोंडाशी धरणं, हे सगळं चालतं. गाडीने जीपीकडे नेणं बाद, पण गाडीत बसताना पाय उचलून आत ठेवणं आणि वेटिंग रूमपर्यंत आधार देऊन चालवणं धरतात.

कपड्यांचा प्रश्न नीट लिहा, कारण त्यांचा फॉर्म बहुधा तिथेच सर्वात जास्त कमकुवत असणार. 'साडी नेसायला मदत' एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. त्याने साडी नेसताना कुणाला पाहिलेलं नसतं. फोडून लिहा: परकराची नाडी बोटांनी आवळता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, निऱ्या घालून खोचायला लागतात, साडीचा घोळ सारखा करायला वाकता येत नाही म्हणून दुसऱ्या कुणाला तरी खाली बसून तो करावा लागतो, मोजे आणि चपलेचा पट्टा वेगळा. सकाळी १५ मिनिटं, रात्री ५ ते ७. शिवाय प्रत्येक वेळी संडासला जाताना साडी वर धरणं आणि नंतर सारखी करणं, हे दिवसात ५-६ वेळा. 'गाऊन घाला म्हणजे प्रश्न मिटला' असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईने साडी नेसणं ही वाजवी गरज आहे, हे एका वाक्यात लिहून ठेवा.

आंघोळीचंही तसंच. बादली-तांब्याने, स्टुलावर बसून आंघोळ असेल तर बादली कोण भरतं हे गौण आहे. स्टुलावर बसवणं-उठवणं, पाठ आणि गुडघ्याखालचं धुणं, केस धुणं, पुसणं, वेणी घालणं हे मुख्य. 'थोड्या त्रासाने जमतं' या वाक्याचा अर्थ निर्णय घेणारा 'जमतं' एवढाच घेतो.

टेम्सकाठ:
मधुमालती यांच्याशी सहमत. पण नकाराचं कारण 'दिवसभरात वारंवार' हे आहे, तेव्हा त्या शब्दांकडे वळायला हवं. वारंवार म्हणजे एक-दोनदा नाही, अनेकदा. आणि दिवसभर म्हणजे पसरलेलं. सकाळी उठताना तासभर आणि रात्री झोपताना अर्धा तास मदत, मध्ये काहीच नाही, असं चित्र दिसलं की अर्ज पडतो, मग सकाळची मदत कितीही जड असो. मधल्या वेळात खुर्चीतून उठवणं, संडासापर्यंत धरून नेणं, इन्सुलिनचं पेन भरून टोचणं, डोळ्यांत थेंब, पायाला मलम हे सगळं वेळेसकट यायला हवं.

सरळ उपाय: ३-४ दिवस स्वयंपाकघरात एक वही ठेवा. वेळ, काय केलं, किती मिनिटं. '११.४०, खुर्चीतून उठवलं, संडास, साडी, हात धुणं, परत बसवलं, १२ मिनिटं.' अशा दहा-बारा ओळी एका दिवसात सहज भरतात. घरच्यांनाच आश्चर्य वाटतं. वहीची प्रत फेरविचाराच्या पत्राला जोडा.

रात्रीचा निकष वेगळा आहे. तिथे 'लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा' मदत लागते. व्यवहारात एकदाच पण २० मिनिटं किंवा जास्त, नाहीतर दोनदा किंवा जास्त. रात्र म्हणजे घर निजल्यापासून उठेपर्यंत. साडेदहाला सगळे जागे असताना दिलेली मदत दिवसाच्या खात्यात जाते. लघवीची घाई असलेल्या बाई रात्री एकदा उठतात म्हणून मुलाने 'रात्री विशेष नाही' लिहिलं असेल, पण त्या एकदामध्ये उठवणं, नेणं, ओलं झालं असेल तर बदलणं, परत निजवणं धरून २५ मिनिटं होत असतील, तर निकष पूर्ण होतो. दिवस किंवा रात्र यातलं एक असेल तर कमी दर, दोन्ही असतील तर जास्त. २०२५-२६ चे दर आठवड्याला ७३.९० आणि ११०.४० पौंड. उत्पन्न-बचत बघत नाहीत, कर नाही.

आणखी एक: मदत प्रत्यक्ष मिळते का हा प्रश्नच नाही, वाजवीपणे लागते का हा आहे. एकट्या राहणाऱ्या, रेटून नेणाऱ्या लोकांनाही मिळतो. धडपडत, भिंत धरत, २० मिनिटं लावून स्वतः कपडे घातले तर 'मदत लागत नाही' असं होत नाही.

कोरा कागद:
दोन गोष्टी फॉर्ममधून काढून टाका.

पहिली, पत्रं वाचून दाखवणं. इंग्रजी येत नाही म्हणून वाचून दाखवत असाल तर ती भाषेची अडचण, आजाराची नाही. नजर अधू असल्यामुळे वाचून दाखवत असाल तर मात्र धरतात, कारण पाहणं ही शारीरिक क्रिया आहे (१९९४ चा मॅलिन्सन खटला अंध माणसाला रस्त्यावर वाट दाखवण्याबद्दलच होता). मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झाला असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तो मुद्दा सोडून द्या. कमकुवत मुद्दा जवळचा चांगला मुद्दाही पातळ करतो.

दुसरी, भारतातून आणलेलं टक्केवारीचं अपंगत्व प्रमाणपत्र. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने ४० टक्के हा उंबरठा आहे, म्हणून लोकांना वाटतं इथेही टक्के लागतात. इथे टक्के कुणी विचारत नाही, निदानही फारसं नाही. 'संधिवात' लिहून काही सिद्ध होत नाही. संधिवातामुळे बोटं काय करू शकत नाहीत ते लिहावं लागतं. प्रमाणपत्राऐवजी जीपीचं किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (रोजच्या हालचाली-कामं कशी जमतात ते बघणारा तज्ज्ञ) पत्र मागा, आणि मागताना 'तिच्या आजाराबद्दल लिहा' म्हणू नका. 'उठणं, चालणं, संडास, कपडे यासाठी दुसऱ्या माणसाची मदत लागते का, ते लिहा' असं म्हणा. नाहीतर गोळ्यांची यादी हातात पडते.

देखरेखीचा मुद्दा कुणी काढला नाही. इन्सुलिनवर असलेल्या बाईंची साखर अचानक उतरत असेल, गोंधळायला होत असेल, तर धोका टाळण्यासाठी सतत लक्ष ठेवणं हा वेगळा निकष आहे. सतत म्हणजे क्षणाचाही खंड नाही असं नव्हे. पण तो सिद्ध करायला अवघड. वर्षात एकदा घडलेल्या घटनेवर उभा राहत नाही. अशा घटनांच्या तारखा असतील तरच टाका. स्मृतिभ्रंश असता तर गोष्ट वेगळी. तिथे 'आंघोळीला चला', 'घास गिळा' असं पुन्हा पुन्हा सांगणंसुद्धा मदतीत येतं, हात लावलाच पाहिजे असं नाही.

शब्दखूण:
खूप उपयोगी. मुदत? आणि बाई डिसेंबर ते मार्च पुण्याला असतात, त्याने काही बिघडतं?

टेम्सकाठ:
फेरविचार पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात, म्हणजे तुमच्याकडे जास्तीत जास्त अडीच आठवडे. फोनवर विनंती नोंदवून 'पुरावा पाठवतोय' म्हणा, वही नंतर पाठवली तरी चालते. तिथेही नाही म्हणाले तर त्या निर्णयापासून एका महिन्यात ट्रायब्युनलकडे (स्वतंत्र न्यायाधिकरण) अपील. तिथे शक्यतो समोर जा. कागदावरच्या सुनावणीत परकराची नाडी कुणाला कळत नाही.

नवा अर्ज टाकण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. हा भत्ता मागच्या तारखेने मिळत नाही, नव्या अर्जाने मधले महिने बुडतात. पुढे कधी नवा करावाच लागला तर फॉर्म फोन करून मागवा आणि सहा आठवड्यांच्या आत परत पाठवा, मग फोनची तारीख धरली जाते. डाउनलोड केलेल्या फॉर्मला तो पोचल्याची तारीख लागते.

पुण्याचं: तात्पुरतं बाहेर जाणं १३ आठवड्यांपर्यंत चालतं, उपचारासाठीच गेल्या असतील तर २६. डिसेंबर ते मार्चअखेर म्हणजे १७ आठवडे होतात, चार जास्त. त्या सुटीला जातात असं न दिसता तिकडेच राहतात असं दिसलं तर निवासाचाही प्रश्न निघतो (मागच्या १५६ आठवड्यांतले १०४ ग्रेट ब्रिटनमध्ये हवेत). जाण्याआधी कळवायचं असतं. इथे रुग्णालयात २८ दिवसांवर राहिल्या तरी भत्ता थांबतो, तेही कळवा. आणि या बाई स्कॉटलंडमध्ये असत्या तर भत्ता वेगळाच, तिथे आता पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट आहे.

मधुमालती:
वही आजच सुरू करा. आणि ती सुनेने भरावी, मुलाने नको. मुलगा ऑफिसात असतो, ११.४० ला काय झालं ते त्याला माहीत नसतं.