इसबासाठी लाइट सुरू झाली, आता स्टेरॉईडचं मलम बंद करायचं का?

अक्कलकोट_रोड
वडील टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला, वय ५२. दोन्ही हातांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला इसब आहे. मोमेटासोन ०.१ टक्का (स्टेरॉईडचं मलम) रोज रात्री एकदा, आणि आठवड्यातून तीनदा नॅरोबँड यूव्हीबी (मशीनमधून अतिनील किरण, म्हणजेच ‘लाइट’) असं लिहून दिलंय. १५ ग्रॅमची ट्यूब दीड महिना झाला तरी संपली नाही. मलम किती लावायचं? लाइट सुरू झाल्यावर ते थांबवायचं का? आणि सोलापुरात एवढं ऊन असताना मशीन कशाला, सकाळी उन्हात बसवलं तर?

मेडिकल_काउंटर
ट्यूब दीड महिना पुरली, म्हणजे मलम फारच कमी लागतंय. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची सरळ रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. एका हाताला मनगटापर्यंत पुढून-मागून मिळून एक रेघ, दोन्ही हातांना दोन. कोपरांच्या आत तळव्याएवढे दोन चट्टे असतील तर आणखी एक. रोज दीड ग्रॅम, म्हणजे ही ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी.

खाज थांबली की लोक मलम सोडतात, तिथंच फसतं. चट्ट्यावरून बोट फिरवून बघा: खरखर लागली तर आतली सूज अजून आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, जांभळट-करडी छटा दिसते. खरखर गेली आणि नुसता काळा डाग उरला, तर त्यावर स्टेरॉईड चोळू नका. तो डाग महिन्यांनी आपोआप फिका पडतो.

आणि कुणी दिलेली ‘खाजेची ट्यूब’ घरात असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल असं तिघांचं मिश्रण असेल तर बाजूला ठेवा. क्लोबेटासोल सगळ्यात कडक स्टेरॉईडांपैकी आहे. नायट्यावर लावलं तर कडा पुसट होते आणि नायटा आत पसरत राहतो.

लाइट_रूम
मलम बंद करू नका. लाइटचा परिणाम दिसायला बहुधा दहा-बारा सिटिंग लागतात, तोवर सूज मलमच धरून ठेवतं. कातडी मऊ झाली की डॉक्टर बहुतेकदा आठवड्यातून दोनच दिवस, त्याच जागी लावायला सांगतात.

उन्हाचं म्हणाल तर नॅरोबँडमध्ये ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा एवढासा पट्टा असतो, आणि डोस मोजून देता येतो. उन्हात यूव्हीए (अतिनील किरणांचाच दुसरा प्रकार) येतो, उष्णता येते, घाम येतो. घामानं इसब चिडतं, आणि इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका.

सिटिंगला जाताना जाड व्हॅसलीन किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावून जाऊ नका, किरण अडतात. मलम आणि मॉइश्चरायझर नंतर. दर वेळी तेवढाच भाग उघडा ठेवा. एक दिवस बाही वर सरकली तर नवी कातडी पूर्ण डोसला भाजते. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि पूर्ण चेंबर असेल तर गुप्तांग झाकलेलं हवं.

दुसऱ्या दिवशी हलकी लाली चालते. २४ तासांनंतरही राहिली किंवा आग झाली तर पुढच्या डोसआधी सांगा. सिटिंग चुकल्या तरी सांगा: आठवड्याच्या वर खंड पडला तर डोस कमी करावा लागतो, तीन आठवडे गेले तर बहुधा पहिल्यापासून.

त्वचा_ओपीडी
मुळाशी डाईंग आहे, त्याकडे दुर्लक्ष झालं तर बाकी सगळं वाया. बोटांवरचा रंग काढायला ‘हायड्रो’ (डाईंगमधली रंग उडवायची पावडर) किंवा ब्लीच वापरत असतील तर आजच बंद. रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती हातमोजे, आणि आत ओल लागली की लगेच बदला.

पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी) लवकर करून घ्या. पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात. पाठीला यूव्हीबी मिळत असेल तर ॲलर्जी दबून उत्तर खोटं येऊ शकतं. म्हणून पाठीवर लाइट सुरू होण्याआधीच.

अक्कलकोट_रोड
बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. चालेल?

लाइट_रूम
त्यानं कातडी उन्हाला हळवी होऊ शकते. गोळी मनानं थांबवू नका. पुढच्या सिटिंगला गोळ्यांची पट्टी घेऊन जा आणि मशीन लावायच्या आधी दाखवा.