कंट्रोल-एसला बिल सेव्ह होत नाही, काका वैतागलेत

कातळावरचा:
देवगडला काकांची हापूसची कलमं आहेत. पेट्या वाशीला जातात. बिलं वहीत लिहायचे, म्हणून मी ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम करून दिला. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास. काका मात्र कचेरीत कारकून होते. तिथे हात इनस्क्रिप्टवर (सरकारी मराठी कीबोर्डची मांडणी) बसलाय आणि कीबोर्ड एकदा मराठीवर गेला की परत इंग्रजीवर येत नाही.

ते कंट्रोल-एस दाबतात तेव्हा बिल सेव्ह होण्याऐवजी ब्राउझरची 'पान सेव्ह करा' खिडकी उघडते. कंट्रोल-पीला बटणांसकट अख्खं पान छापून येतं. काल ऐन गाडी भरताना फोन: "मेल्या, बिल खंय गेला?"

कोडमध्ये मी इव्हेंट-की, म्हणजे बटण दाबल्यावर उमटणारं अक्षर, 'एस' आहे का ते तपासतो. काकांच्या मशीनवर तिथे मात्रा येते, 'े'. पीच्या जागी 'ज'. मग इव्हेंट-कोड वापरू का? तो अक्षर न बघता बटणाची जागा सांगतो. 'आधी इंग्रजी करा, मग दाबा' हे काकांना सांगून झालंय. जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाडीपलीकडे:
नुसता कोड लावू नकोस, माझी वाट लागेल. मनगट दुखायला लागल्यापासून मी ड्व्होरॅक लेआउट (इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी) वापरतो. बटणांवर छापलंय नेहमीचंच, पण एस छापलेलं बटण दाबलं की ओ उमटतो. माझा एस असतो अर्धविरामाच्या बटणावर. तू जागा बघितलीस तर मी कंट्रोल-ओ दाबून फाइल उघडायला जाईन आणि तुझा प्रोग्राम सेव्ह करून मोकळा होईल. फ्रेंच कीबोर्डवर ए-क्यूची आणि झेड-डब्ल्यूची अदलाबदल असते, त्यांचीही हीच गत.

आधी की बघ. रोमन अक्षर आलं तर तेच खरं. देवनागरी किंवा रशियन काही आलं तरच कोडकडे वळ. आधी जागा बघायची ती खेळांत, तिथे चार बटणं बोटांखाली हवीत, अक्षर कुठलं का असेना.

टायपिंगवाल्या बाई:
मी सावंतवाडीला क्लास घेते. शॉर्टकट राहू देत, मजकुराचं बघा. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवर शिकलेली माणसं 'कि' लिहिताना वेलांटी आधी मारतात, क नंतर. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याची पद्धत) साठवण उलटी, क आधी. ही उलटापालट कीबोर्डचा ड्रायव्हर करतो. एका प्रोग्रामने शहाणपणा करून प्रत्येक बटण स्वतःच झेललं, तर माझ्या विद्यार्थिनीच्या 'किरण'मध्ये वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकली आणि पुढे नुसतं 'करण'. तेव्हा बटणं मोजत बसू नका, रकान्यात जे उतरलं ते वाचा. मोबाइलवर तर कुठलं बटण दाबलं हेही नीट कळत नाही, अँड्रॉइडवर बऱ्याचदा नुसता २२९ आकडा येतो.

आणि काकांनी दर मराठी आकड्यांत लिहिला तर?

कातळावरचा:
बाई, तिथेच तर मेलो. माझा प्रोग्राम जावास्क्रिप्ट भाषेत आहे, तिच्या नंबरला (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) '१२००' दिलं की 'हा आकडाच नव्हे' म्हणतं. पायथॉन भाषेतली तशीच आज्ञा, इंट, तेच मुकाट गिळते. आता आकडे आत घेतानाच बदलतो, दाखवताना मात्र काकांचेच मराठी ठेवतो.

प्रिंटसाठी कंट्रोल-ऑल्ट-४ ठेवू म्हणतोय, ब्राउझरशी भांडण नको.

खाडीपलीकडे:
नको रे! विंडोजवर उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्टच. इंग्लिश (इंडिया) लेआउटवर त्याच्यासोबत ४ दाबलं की ₹ येतो. कोणी रुपयाचं चिन्ह टाकायला जाईल आणि प्रिंटर कागद ओकेल.

कातळावरचा:
बरं झालं विचारलं. आधी की, मग कोड असं करून दिलं. आज काकांची चौदा बिलं सेव्ह झाली, प्रिंटही नीट.

आता नवीनच. 'किनाऱ्यावरची बाग' शोधली की अर्ध्याच नोंदी सापडतात. काका ऱ घेऊन पाय मोडतात. माझ्या जुन्या नोंदींत साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक आहे. दिसायला दोन्ही एकच, आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळ्या तऱ्हेने साठवलेलं एकच अक्षर एकसारखं करण्याची सोय) ते एक होत नाहीत. यासाठी वेगळा धागा काढतो.