पुढचं-मागचं कळत नाही आणि तीन की एकत्र चालत नाहीत: आधी हेडफोन बदलावा की कीबोर्ड?

कानोसा:
विंडोज 11 चा लॅपटॉप, एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि ब्लूटूथ हेडफोन असा संच आहे. हेडफोनवर '7.1 सराउंड' लिहिलंय, आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये ते चालूही ठेवलंय. खेळ म्हणजे ऑडिओ शूटर, पूर्णपणे कानावर चालणारा.

डावं-उजवं नीट कळतं, पण शत्रू समोर आहे की पाठीमागे याचा पत्ता लागत नाही. स्पेसबार दाबल्यावर गोळीचा आवाज जरा उशिरा येतो. वरचा आणि डावा बाण धरून स्पेस दाबला की गोळी सुटतच नाही. तेच काम कंट्रोलला दिलं तर सुटते. शिवाय एनव्हीडीए बोलायला लागला की गेमचा आवाज दबतो आणि नेमकी तेव्हाच पावलं हरवतात.

वायरचा हेडफोन, यूएसबी साउंड कार्ड, मेकॅनिकल कीबोर्ड, कंट्रोलर. यातलं आधी काय घ्यावं?

उजवाकान:
वायरचा साधा स्टिरिओ हेडफोन घ्या. बाकी खरेदी सध्या थांबवा, कारण निम्म्या तक्रारी सेटिंगमधल्या आहेत.

उशीर ब्लूटूथचा आहे. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) आवाज साधारण 150 ते 250 मिलिसेकंद मागे पडतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही, पण नेम धरताना शत्रू तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. सांघिक गेममध्ये ब्लूटूथचाच माइक चालू केलात तर आणखी पंचाईत होते: साधा ब्लूटूथ हेडसेट हँड्सफ्री प्रोफाइलवर, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या पद्धतीवर, जातो, आवाज मोनो होतो आणि डावं-उजवंही संपतं.

आता 7.1. गेमला हेडफोनवर दिशा दाखवायची असते तेव्हा तो दोन्ही कानांना पोचणाऱ्या आवाजात वेळेचा, पातळीचा आणि पोताचा बारीक फरक ठेवतो. वेळेचा फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतलाच असतो. समोर-मागे ओळखायला मुख्य आधार पोताचा, म्हणजे कानाच्या पाळीमुळे वरच्या पट्टीतल्या आवाजात पडणाऱ्या खाचांचा. ही एचआरटीएफची (डोकं आणि कानांमुळे आवाजात होणाऱ्या बदलांची नक्कल करणारी) प्रक्रिया गेमने एकदा केलेली असताना हेडफोनच्या अ‍ॅपने त्यावर स्वतःची प्रक्रिया चढवली की या खाचा बुजतात. म्हणून अ‍ॅपमधलं सराउंड बंद करा. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या वाटेने हेडफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'स्पेशिअल साउंड' (Spatial sound) ऑफ करा. तिथेच 'ऑडिओ एन्हान्समेंट्स'ही ऑफ करा. त्यातलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' हळू आवाज वर उचलतं आणि मोठा दाबतं, त्यामुळे लांबचा आणि जवळचा शत्रू सारख्याच अंतरावर वाटतात. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या ऑडिओ पानावरचं 'मोनो ऑडिओ' तुमच्याकडे बंदच असणार, नाहीतर डावं-उजवंही कळलं नसतं.

एवढं करूनही फरक पडला नाही तर गेमच साध्या पॅनिंगवर, म्हणजे आवाज फक्त डावीकडे-उजवीकडे कमीजास्त करण्यावर, बेतलेला आहे असं समजा. अशा गेममध्ये समोरचा आणि मागचा आवाज दोन्ही कानांत सारखेच येतात. फार तर मागच्या आवाजाचा पिच थोडा उतरवलेला असतो. तिथे कितीही भारी हेडफोन घातला तरी उपयोग नाही. वळून बघायचं: जागेवर उभं राहून थोडं उजवीकडे वळा. आवाज डावीकडे सरकला तर तो समोर आहे, उजवीकडे सरकला तर मागे. ही सवय इतकी अंगवळणी पडायला हवी की प्रत्येक नव्या आवाजाला हात आपोआप वळला पाहिजे.

मॅट्रिक्सवाला:
कीबोर्डबद्दल लिहितो. कंट्रोलने गोळी सुटते यातच उत्तर आहे. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कीला वेगळी तार नसते. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते. दाबलेल्या तीन की जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवर आल्या तर चौथा कोपराही दाबल्यासारखा वाचला जातो. हा खोटा सिग्नल टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कीच नाकारतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट या की सहसा वेगळ्या रेषांवर ठेवलेल्या असतात, म्हणून त्या अडकत नाहीत.

कोणत्या की मोकळ्या आहेत ते घरबसल्या तपासता येतं. रिकामं नोटपॅड उघडा. एनव्हीडीए + 2 ने (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) टाइप केलेली अक्षरं बोलणं चालू ठेवा. वरचा आणि डावा बाण धरून ठेवा. एनव्हीडीए 'ब्लँक, ब्लँक' म्हणत राहील. त्यातच एक अक्षर दाबा. 'ब्लँक'ची रट थांबून ते अक्षर ऐकू आलं तर ती की चालते. रट तशीच चालू राहिली तर ती अडकते. चारही तिरक्या जोड्या तपासा. एका जोडीला चालणारी की दुसरीला अडते, आणि लोक इथेच फसतात. मग गोळी चालणाऱ्या कीवर न्या. कंट्रोलवर ठेवू नका, कारण तीच एनव्हीडीएला गप्प करणारी की आहे: प्रत्येक गोळीला एक सूचना कापली जाईल.

गेममध्ये की बदलायची सोय नसेल तरच नवा कीबोर्ड घ्या. घेताना 'मेकॅनिकल' या शब्दावर जाऊ नका, 'एन-की रोलओव्हर' (कितीही की एकत्र दाबल्या तरी वाचणारा) लिहिलंय का ते बघा. स्विच कसला आहे आणि जाळीत खोटा सिग्नल अडवणारे डायोड आहेत की नाहीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिफ्ट पाचदा दाबला की स्टिकी कीज विचारायला येतं आणि फोकस गेममधून जातो. उजवा शिफ्ट 8 सेकंद धरला की फिल्टर कीज. दोन्हींचे शॉर्टकट अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्डमध्ये बंद करून टाका. नमपॅड वापरणारा गेम असेल तर नमलॉक चालू ठेवा. बंद असताना एनव्हीडीएच्या डेस्कटॉप लेआउटमध्ये (कीबोर्ड शॉर्टकटची मांडणी) नमपॅडच्या बहुतेक की एनव्हीडीए स्वतःकडे घेतो.

कंट्रोलर मागाहून. मात्र जुना गेम डायरेक्टइनपुटचा (विंडोजवर कंट्रोलर वाचायची जुनी पद्धत) असेल तर एक्सबॉक्स पद्धतीच्या कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात. दोन्ही पूर्ण दाबले की बेरीज शून्य. नेम एका ट्रिगरवर आणि गोळी दुसऱ्यावर ठेवली तर काहीच होत नाही. एक काम बटणावर न्या.

दोनवाटा:
आवाज दबण्यामागे एनव्हीडीएचं ऑडिओ डकिंग, म्हणजे स्वतः बोलताना बाकीचे आवाज खाली करणं, आहे. एनव्हीडीए + शिफ्ट + डी दाबत राहा, 'नो डकिंग' ऐकू येईपर्यंत. व्हॉइस चॅटच्या वेळीही आवाज पडत असेल तर ते विंडोजचं काम: रनमध्ये एमएमएसवायएस डॉट सीपीएल, शेवटचा टॅब 'कम्युनिकेशन्स', तिथे 'डू नथिंग'. मुळात तिथे 80 टक्के कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो.

साउंड कार्डाबाबत उजवाकान यांच्याशी माझं जमत नाही. आवाजाचा दर्जा सुधारेल म्हणून घेऊ नका हे बरोबर, पण बोलणं आणि गेम वेगळे करायला साधं यूएसबी कार्ड फार कामाचं आहे. गेम कार्डाला लावलेल्या हेडफोनवर, एनव्हीडीए लॅपटॉपच्या स्पीकरवर. एनव्हीडीए + कंट्रोल + यू ने ऑडिओ सेटिंग्ज उघडतात, तिथे आउटपुट डिव्हाइस निवडा. हेडफोनच्या प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधली 'एक्स्क्लुझिव्ह कंट्रोल'ची खूणही काढा. ती असली आणि गेमने डिव्हाइस ताब्यात घेतलं, तर त्याच डिव्हाइसवरचा स्क्रीन रीडर मुका होतो.

काही यूएसबी कार्डं शांतता पडली की झोपतात आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळतात. त्यावर 'कीप ऑडिओ डिव्हाइस अवेक' ही वेळ वाढवणं हाच उपाय, तीही त्याच ऑडिओ सेटिंग्जमध्ये आहे.

कार्ड नको म्हणून कुणी एनव्हीडीए + ऑल्ट + एस चं साउंड स्प्लिट (एनव्हीडीए एका कानात, बाकी आवाज दुसऱ्या कानात) सुचवेल. ऑडिओ गेमला ते नको, कारण गेमची एकच बाजू ऐकू येते, दुसऱ्या बाजूचा आवाज बंदच होतो. ते चालू असताना एनव्हीडीए कोसळला तर गेम एकाच बाजूला अडकून राहू शकतो. अशा वेळी एनव्हीडीए पुन्हा सुरू करून दोन्ही आवाज दोन्ही बाजूंना देणारा पर्याय निवडायचा.

आणि गेम स्वतः एनव्हीडीएमार्फत बोलत असेल तर एनव्हीडीएचा स्लीप मोड (त्या प्रोग्रामपुरतं एनव्हीडीएला गप्प ठेवणं) लावू नका. मेनूच मुके होतात.

कानोसा:
सराउंड, एन्हान्समेंट आणि डकिंग बंद केलं. गोळी झेडवर नेली, चारही जोड्यांना चालते. घरातला एक जुना माइकवाला वायरचा हेडसेट लावला तर नवंच कोडं: बाजूचे आवाज येतात, पण पोकळ. शत्रू अगदी समोर आला की जवळजवळ नाहीसाच होतो. मेनूतलं बोलणंही खोल विहिरीतून आल्यासारखं.

उजवाकान:
सेटिंग नाही, पिन. तुमच्या हेडसेटच्या पिनवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असणार. त्यातला ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही स्पीकरच्या सामायिक परतीच्या तारेचा, भाग बहुधा सॉकेटमध्ये टेकत नाहीये. ग्राउंड सुटला की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. समोरचा आवाज दोन्हींकडे सारखा, म्हणून तो वजा होऊन जातो.

पिन दाबून पूर्ण आत घाला. लॅपटॉपला कव्हर असेल तर ते काढून बघा, कडेमुळे पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. तेवढंही पुरतं. तरी पोकळच राहिलं तर पिन हळू फिरवा. मध्येच समोरचा आवाज परत आला तर सॉकेट सैल आहे, नाही आला तर बहुधा पिनपाशी तार तुटली असावी. सॉकेट सैल असेल तर दोनवाटा म्हणतात ते यूएसबी कार्ड घ्या, आता कारण मिळालं.