मदत हवी आहे: नवीन वर्षाचं सायकलिंगचं टार्गेट किती ठेवू? (सातारा)

शाहूपुरी_सातारा
नमस्कार. ऑफिसच्या ग्रुपवर प्रत्येकाने पुढच्या वर्षाचं सायकलचं टार्गेट लिहायचं ठरलंय. बाकीच्यांनी सरळ पाच हजार किलोमीटर लिहून टाकलं. मला ३१ तारखेच्या आत आकडा द्यायचाय. पाच हजार जमतील का, की तीन लिहू? कृपया "मनावर असतं सगळं" असं सांगू नका, आकडा सांगा.

घाटवेडा
भावा, किलोमीटर मोजत बसू नकोस. समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट धर. वर्षअखेरीपर्यंत पाय न टेकता कास. साताऱ्यात राहून दुसरं टार्गेट असूच शकत नाही.

रात्रीचा_रायडर
बीआरएम करा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायची राईड. २०० किमी, साडेतेरा तासांत. नंबर नाही, स्पर्धा नाही, वेळेत पोचलात की झालं. पुढे ३००, ४००, ६०० केलं तर एका सीझनमध्ये एसआर (सुपर रँडोनर) होता. सीझन नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे दोन महिने आधीच गेलेत. लगेच नाव नोंदवा.

कोरेगाव_रोड
थांबा हो जरा. सायकल कुठली? गिअर किती? सध्या आठवड्याला किती होतं? वेळ कधी मिळतो? हे कळल्याशिवाय आकडा कसा सांगणार?

शाहूपुरी_सातारा
मी बाई आहे, भावा नको. सायकल साधी, जाड टायरची, पुढे शॉकअप. गिअर आहेत. सकाळी सहा ते सव्वासात, नंतर मुलीचा डबा असतो. रविवारी दहापर्यंत मोकळी. आता सांगा, तीन की पाच?

कृष्णाकाठ_सांगली
ताई, सांगलीला या एकदा. सांगली ते नृसिंहवाडी सपाट रस्ता, दत्ताचं दर्शन घ्यायचं, बासुंदी घ्यायची, परत. किलोमीटर आपोआप होतात.

घाटवेडा
सपाटीवर काय दम लागतो राव! आणि गिअर आहेत म्हणतायत ना, मग घाट का नको?

रात्रीचा_रायडर
जाड टायर आणि शॉकअपवर रोज घाट चढवायला सांगताय? शॉकअपच निम्मी ताकद खातो.

घाटवेडा
आणि त्याच सायकलवर २०० किमी करायला सांगणारे तुम्हीच ना?

कोरेगाव_रोड
तुमचं नंतर चालू द्या. ताई, पुढे-मागे किती गिअर, आणि सध्या कुठपर्यंत जाता?

शाहूपुरी_सातारा
पुढे एक, मागे सात. आठवड्यातून तीन-चारदा माहुलीच्या पुलापर्यंत. त्यापुढे गेलं की उजवा गुडघा पुढून दुखतो, म्हणून वाढवत नाही.

लिंबखिंड
अहो, ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायची! वाटीच्या पुढून दुखतंय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकतात का? भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. वाकलेला राहत असेल तर सीट थोडी थोडी वर घ्या, एकदम नको. आणि जड गिअरवर दाबत जाऊ नका, हलका टाकून पाय भराभर फिरू द्या. गुडघा सुजत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

माणदेशी
डिंकाचे लाडू चालू करा. थंडीत गुडघ्याला उत्तम. आमच्याकडे खारीकपूड जास्त घालतात.

कोरेगाव_रोड
आता आकड्याचं बोलू. पाच हजार भागिले ५२ केलं तर आठवड्याला ९६ येतात, आणि इथेच सगळे फसतात. आपल्या साताऱ्यात बारा महिने सारखे नसतात. जून ते सप्टेंबर सकाळी पाऊस आणि वारा, कासच्या बाजूला तर पुढचं दिसत नाही. फुलांच्या दिवसांत रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग. म्हणजे खरे आठवडे ३५ धरा. पाच हजारांसाठी त्यात दर आठवड्याला १४० च्या वर लागतील. तुमच्या वेळेत, त्या गुडघ्यावर ते करू नका. ग्रुपवर कोण काय लिहितो ते त्यांच्यापाशी.

कोरड्या ३५ आठवड्यांत ६० किमी धरले तर २१०० होतात. पावसाळ्याच्या उरलेल्या १७ आठवड्यांत दर आठवड्याला २३-२४ जरी झाले तरी ४०० सुटतात. अडीच हजार लिहा. सध्याच्या चाळीस-पंचेचाळीसवरून हळूहळू साठवर या. गुडघा शांत राहिला तर उन्हाळ्याआधी एखाद्या रविवारी सज्जनगडाच्या पायथ्याला परळीपर्यंत जा. घाटाचं दिवाळीनंतर बघू.

आणि सध्या उसाचा हंगाम आहे, हे कुणीच बोललं नाही. सहाला अंधार असतो, नदीकाठी धुकं असतं, पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला असतो आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. लोंबणारा ऊस अंगावर येईपर्यंत दिसत नाही. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट. टार्गेटच्या आधी हा खर्च करा.

घाटवेडा
उसाचं बरोबर आहे. पण दिवाळीनंतर कास नक्की. खाली उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, सोडून-सोडून दाबा.

रात्रीचा_रायडर
दिवे चार्जिंगचेच घ्या. मॉडेल हवं असेल तर विचारा.

शाहूपुरी_सातारा
दोन्ही पाय टेकत होते. सीट दोन बोटं वर घेतली, आज माहुलीच्या पुढे जाऊन आले, दुखलं नाही. ग्रुपवर अडीच हजार लिहिलं. दिवे उद्या आणते. आता सिग्नलला पाय पोचत नाही, त्याचं काय करू?

लिंबखिंड
सीटवर बसून पोचायलाच नको. वेग कमी झाला की एका पॅडलवर उभं राहून सीटच्या पुढे उतरा आणि दुसरा पाय टेका. आधी घरासमोर करून बघा, मग पोवई नाक्याला.